न बोलणाऱ्याला दिलेला शब्द

दिलेला शब्द पाळावा, ही शिकवण प्रत्येक घरात बाळपणीच मिळते. पुढे संसारात पडल्यावर मात्र असे दिसून येते, की आपण जे शब्द पाळतो त्यांतले बरेचसे, ते पाळून घेणारा कोणीतरी समोर उभा असतो म्हणून पाळले जातात. पतपेढीचा हप्ता वेळेवर जातो, कारण तिच्यापाशी कागद असतो. सोयऱ्याला दिलेले वचन मोडवत नाही, कारण चारचौघांत बोलणे होईल ही भीती असते. यात वाईट काही नाही. समाजाचा गाडा पुष्कळसा याच धाकावर चालतो. परंतु नीतीचा खरा प्रश्न याच्या पलीकडे सुरू होतो. ज्याच्यापाशी कागद नाही, ज्याला साक्षीदार नाही, ज्याला आपली भाषाच येत नाही, त्याला दिलेला शब्द आपल्याला कितपत बांधतो? आणि जो कधी तक्रार करू शकणार नाही, त्याचे देणे हे देणे असते, की तो केवळ आपल्या मनाचा चांगुलपणा?

अशा प्रश्नांची चर्चा अधांतरी केली, तर ती लवकरच शब्दांचा खेळ होऊन बसते. म्हणून आम्ही ती एका गावाच्या आधाराने करू इच्छितो. ऑस्ट्रेलियाच्या आग्नेय किनाऱ्यावर, सिडनी आणि मेलबर्न या दोन महानगरांच्या साधारण मध्यावर, ईडन नावाचे एक लहानसे बंदर आहे. वस्ती सुमारे तीन हजारांची. समोर टूफोल्ड बे, म्हणजे दुहेरी उपसागर. अठराव्या शतकाच्या अखेरीस जॉर्ज बास हा दर्यावर्दी येथे आला आणि किनाऱ्याच्या दोन कुशी पाहून त्याने हे नाव ठेवले. दक्षिणेला आणि उत्तरेला तांबड्या खडकांचे कडे थेट समुद्रात उतरतात. त्यांच्या माथ्यावर निलगिरीची रानेच राने. मागे आत जमिनीकडे एक एकटा डोंगर, ज्याला नकाशात माउंट इमले म्हणतात आणि तेथील मूळ रहिवासी बालावान म्हणतात. धक्क्यावर मासेमारीच्या बोटी लागलेल्या असतात. टुना मासा डबाबंद करण्याचा कारखाना बरीच वर्षे गावाला पोसत होता. तो १९९९ साली बंद पडला. आता पर्यटक येतात आणि मोठी प्रवासी जहाजेही थांबतात.

ईडन हे नाव ऐकताच आपल्या वाचकांना उत्पत्तीच्या पुस्तकातील बाग आठवेल. पण ते तेथून आलेले नाही. लॉर्ड ऑकलंड यांचे घराण्याचे नाव ईडन; त्यांच्यावरून ते पडले. हेच जॉर्ज ईडन १८३६ ते १८४२ या काळात हिंदुस्थानचे गव्हर्नर जनरल होते. तथापि नाव कोठूनही आलेले असो, त्या बागेत जो प्रश्न उभा राहिला तोच या गावातही उभा राहिला: जे आपल्या हाती सोपवले आहे, त्याच्याशी आपण कसे वागतो?

गोरा माणूस येण्यापूर्वी हजारो वर्षे हा किनारा थावा लोकांचा होता. यूइन या मोठ्या जनसमूहाची ही एक शाखा. दूरच्या उंच पर्वतांपासून या उपसागरापर्यंत त्यांची एक पुरातन पायवाट होती. डोंगरातली माणसे तिने समुद्राकडे उतरत आणि समुद्राकाठची माणसे डोंगरात चढत. बंडियन वे या नावाने ती ओळखली जाते आणि २०१३ साली न्यू साउथ वेल्स राज्याच्या वारशाच्या यादीत तिची नोंद झाली. या लोकांपाशी लिहिलेला कागद नव्हता. पण पायवाट नव्हती, की हक्क नव्हता, असे कोण म्हणेल?

१८४२ साली बेंजामिन बॉइड नावाचा एक धनाढ्य स्कॉटिश गृहस्थ आपल्या खाजगी जहाजातून ऑस्ट्रेलियात आला. बँक, मेंढ्यांचे कळप, जहाजे, देवमाशांची शिकार, अशा अनेक उद्योगांत त्याने हात घातला आणि टूफोल्ड बेच्या दक्षिण अंगाला स्वतःच्या नावाचे बॉइडटाउन वसवायला घेतले. उपाहारगृह बांधले, चर्च उभारले, गोदामे बांधली. मजूर कमी पडू लागले तेव्हा १८४७ साली त्याने पॅसिफिक महासागरातील बेटांवरून माणसे आणवली. पहिल्या जहाजातून पासष्ट जण उतरले. त्यांच्याशी रीतसर करार झाले होते: पाच वर्षे काम, वर्षाला २६ शिलिंग, अन्न व वस्त्र. करारावर त्यांनी आपापल्या खुणा उमटवल्या होत्या. त्या कागदावर काय लिहिले आहे हे वाचण्याचे कोणतेही साधन मात्र त्यांच्यापाशी नव्हते. पुढे कायद्यात बदल होऊन असे करार निरुपयोगी झाले, तेव्हा ही माणसे बॉइडच्या दृष्टीनेही निरुपयोगी झाली. कित्येक जण अनोळखी मुलखातून पायी सिडनीच्या दिशेने निघाले, कारण समुद्रापलीकडचे आपले घर गाठायचे तर जहाज तेथेच मिळण्याची आशा होती.

येथे आपण थोडे थांबून विचार केला पाहिजे. बॉइडपाशी कागद होता. साक्षीदार होते. कायद्याच्या भाषेत करार झाला होता. आणि तरीही तेथे शब्द दिला गेला, असे म्हणणे कठीण आहे. कारण शब्द देण्यासाठी समोर माणूस आहे हे आधी मान्य करावे लागते. ज्याला आपण केवळ दोन हात म्हणून आणले, त्याच्याशी करार होतो तो हातांचा. कागद असणे आणि वचन असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे ईडनच्या इतिहासाचे पहिले सांगणे.

याच बॉइडने उपसागराच्या दक्षिण टोकावर वालुकाश्माचा एक देखणा मनोरा बांधला. वरच्या कठड्यावर आपले नाव मोठ्या अक्षरांत कोरवून घेतले. ते दीपगृह व्हावे असा त्याचा बेत होता. परंतु सरकारची परवानगी मिळाली नाही आणि त्या मनोऱ्यावर दिवा कधी लागलाच नाही. १८४९ साली, उद्योग बुडाल्यावर, बॉइड ऑस्ट्रेलिया सोडून गेला आणि १८५१ साली सॉलोमन बेटांपैकी ग्वादालकनाल येथे नाहीसा झाला. त्याच्या चर्चच्या उजाड भिंती आणि तो बिनदिव्याचा मनोरा अजून उभे आहेत. नाव कोरलेले आहे, प्रकाश नाही: याहून बोलके चित्र शोधून सापडणार नाही.

आता उपसागराच्या दुसऱ्या कोपऱ्याकडे वळू. टोवांबा नदी समुद्राला मिळते त्या कायाह खाडीवर डेव्हिडसन नावाच्या कुटुंबाने १८६०च्या दशकापासून तीन पिढ्या देवमाशांच्या शिकारीचा धंदा केला. वल्ह्यांच्या होड्या, हाताने फेकायचे भाले आणि किनाऱ्यावर चरबी कढवण्याच्या लोखंडी कढया, एवढेच त्यांचे भांडवल. होड्यांवर थावा पुरुष असत. वल्ही मारण्यात, भाला फेकण्यात आणि समुद्र वाचण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. त्यांना गोऱ्या सोबत्यांइतकाच वाटा मिळे असे सांगितले जाते, आणि त्या काळी ही गोष्ट लहान नव्हती.

या होड्यांना आणखी एक साथ होती. ओर्का, ज्यांना किलर व्हेल म्हणतात, ते काळ्यापांढऱ्या रंगाचे, कळपाने शिकार करणारे प्राणी दर हिवाळ्यात या उपसागराच्या तोंडाशी येत. दक्षिणेकडून वर जाणारे महाकाय देवमासे ते घेरीत आणि उपसागरात रेटीत. कळपातला एखादा खाडीपाशी येऊन शेपटीने पाणी आपटी; तो आवाज ऐकून माणसे रात्रीबेरात्री होड्या लोटीत. देवमासा मारला गेला की त्याला नांगर आणि तरंगता बोया बांधून तेथेच सोडायचे. ओर्का त्याची जीभ आणि ओठ खाऊन घेत, बाकीच्याला स्पर्श करीत नसत. एकदोन दिवसांनी ते धूड फुगून वर येई, तेव्हा माणसे ते ओढून नेत. या रिवाजाला तेथे 'जिभेचा कायदा' असे नाव पडले. माणसांनी ओर्कांना नावे दिली होती: हुकी, स्ट्रेंजर, हंपी आणि सर्वांत प्रसिद्ध म्हणजे ओल्ड टॉम. ही दंतकथा नव्हे. विसाव्या शतकाच्या आरंभी घेतलेली छायाचित्रे आहेत, आणि १८४०च्या दशकात बॉइडच्या पदरी असलेल्या ऑस्वाल्ड ब्रायर्ली या चित्रकाराच्या रोजनिशीतही या साहचर्याच्या नोंदी सापडतात.

डेव्हिडसनांनी हा रिवाज निर्माण केला नाही; तो त्यांनी थावा लोकांकडून घेतला. थावा लोकांची श्रद्धा अशी, की मृत पूर्वज ओर्कांच्या रूपाने परत येतात. म्हणून ते परके नव्हेत, आप्तच. आपली श्रद्धा याहून वेगळी आहे. पण त्या श्रद्धेतून जे आचरण निघाले त्याकडे आदराने पाहावेच लागते. जो बोलू शकत नाही, त्याला त्यांनी भागीदार मानले आणि त्याचा वाटा काढून ठेवला.

कोणी म्हणेल, यात वचन कोठे आले? प्राणी करार करीत नाहीत. ओर्कांना जीभ आवडत होती, माणसांना चरबी. दोघांची सोय जुळली, एवढेच. हा आक्षेप निम्मा खरा आहे. ओर्काने काय मानले हे सांगण्याचा अधिकार आम्हांला नाही. परंतु वचनाला दोन बाजू असतात, आणि त्यांतली एक तरी माणसाची होती. माणसाला कळत होते की आपण कोणाच्या श्रमावर जगत आहोत. देणे कळले की ते बांधते. मग समोरच्याला ते मागता येवो अगर न येवो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिक ठरेल. हा करार शेवटी होता कशासाठी? तिसऱ्याला मारण्यासाठी. ज्या देवमाशांच्या चरबीवर दूरच्या शहरांतले दिवे जळत होते, त्यांचा या कायद्यात वाटा नव्हता. ते केवळ माल होते. दोघांनी एकमेकांशी इमान राखले म्हणून ते काम पुण्याचे ठरत नाही. आपसांत प्रामाणिक असलेल्या मंडळींच्या हातून तिसऱ्यावर अन्याय झाल्याची उदाहरणे व्यापारात, राजकारणात आणि घराघरांतही सापडतात. तेव्हा ईडनचे उदाहरण आम्ही पवित्र म्हणून मांडीत नाही. माणसाचे इमान कोठपर्यंत पोहोचते आणि कोठे येऊन थांबते, हे त्यात स्पष्ट दिसते, म्हणून मांडतो.

ते कोठे थांबले, याचीही कथा आहे. १९२०च्या दशकात देवमासे दुर्मीळ झाले होते. दूरदूरच्या समुद्रांत यंत्राच्या बोटींनी त्यांचा संहार चालला होता. एके दिवशी एक लहानसा देवमासा हाती लागला. जॉर्ज डेव्हिडसन आणि त्यांचे शेजारी जॉन लोगन हे लोगन यांच्या मोटारबोटीवर होते. सोबत लोगन यांची लहान मुलगी होती. वादळ येण्याची चिन्हे दिसत होती. धूड तेथे सोडले तर ते हातचे जाईल, या भीतीने लोगन यांनी ते ताबडतोब ओढून न्यायला घेतले. ओल्ड टॉमने आपल्या वाट्यासाठी दोर दातांत धरला. ओढाताण झाली. टॉमचे दात निखळले. त्या मुलीने मोठेपणी ही हकिगत सांगितली, आणि वडिलांना आपल्या हातून काय घडले हे त्याच क्षणी उमगले होते, असेही सांगितले.

१७ सप्टेंबर १९३० रोजी ओल्ड टॉमचे शव उपसागरात तरंगताना सापडले. दात गेल्यामुळे तो उपाशी मेला, असे गाव मानत आले. शास्त्र इतक्या खात्रीने बोलत नाही. पण लोगन यांना शास्त्राच्या निर्णयाची गरज वाटली नाही. तो सांगाडा जतन व्हावा म्हणून त्यांनी पुढाकार घेतला आणि १९३१ साली गावात संग्रहालय उभे राहिले. आजही तो सांगाडा तेथे आहे. आलेले लोक त्याचे झिजलेले दात पाहतात.

हा प्रसंग आम्हांला महत्त्वाचा वाटतो, तो लोगन दुष्ट होते म्हणून नव्हे. ते दुष्ट नव्हते. म्हणूनच तो महत्त्वाचा. शब्द मोडणारी माणसे बहुधा वाईट नसतात. टंचाई असते, वादळ दिसत असते, पोराबाळांची चिंता असते, आणि मनात येते की या एका वेळेला चालून जाईल. समोरचा काय, मुका आहे! बरकतीच्या दिवसांत वाटा काढून ठेवणे सोपे असते. वचनाची परीक्षा होते ती हाती लागलेला मासा लहान असतो आणि आभाळ भरून आलेले असते, तेव्हा.

याच किनाऱ्याची आणखी एक आठवण आपल्या वाचकांना जवळची वाटेल. उपसागराच्या दक्षिणेला ग्रीन केप नावाचे भूशिर आहे. तेथे १८८३ साली दीपगृह सुरू झाले; बॉइडच्या मनोऱ्यावर जो दिवा लागला नाही, तो येथे लागला. ३० मे १८८६च्या रात्री मेलबर्नहून सिडनीला निघालेली लाय-ई-मून ही आगबोट त्याच दिव्याखालच्या खडकांवर आदळून फुटली. ७१ माणसे बुडाली, १५ वाचली. बुडालेल्यांत फ्लोरा मॅक्किलॉप ही वृद्ध स्त्री होती. गरिबांच्या मुलांसाठी शाळा चालविणाऱ्या संत योसेफच्या भगिनींच्या संस्थापिका मेरी मॅक्किलॉप यांची ती आई. भगिनींच्या कार्याला मदत करण्यासाठीच ती सिडनीला निघाली होती. मेरी यांना १७ ऑक्टोबर २०१० रोजी संतपद देण्यात आले; ऑस्ट्रेलियाच्या त्या पहिल्या संत.

दिवा जळत असूनही बोट फुटली, तेव्हा दिव्याचा काय उपयोग, असे कोणी विचारील. पण त्या काळोखात खडकाला चिकटलेल्या माणसांना वाचवायला दीपगृहावरची माणसेच धावली, आणि समुद्राने परत दिलेल्या अनोळखी प्रेतांना तेथेच जवळ माती मिळाली. दीपगृह हेसुद्धा एक वचनच आहे, आणि ते कोणाला दिलेले असते? ज्याचे नाव ठाऊक नाही, जो उद्या कोणत्या जहाजाने येणार हे माहीत नाही, आणि सुखरूप पुढे गेला तर जो कधी आभारही मानणार नाही, त्याला. रोज संध्याकाळी दिवा पेटवणाऱ्याकडे कोणी देणे मागायला येत नाही. तरी दिवा पेटतो. निरपेक्ष शब्दाचे याहून साधे उदाहरण आम्हांला ठाऊक नाही.

मग ईडनने आपले देणे फेडले काय? काही अंशी. ऑस्ट्रेलियात हंपबॅक देवमाशांची शिकार १९६३ साली थांबली आणि देशातले शेवटचे शिकारकेंद्र १९७८ साली बंद झाले. एके काळी या किनाऱ्यावरून जाणारे हंपबॅक काही शेकड्यांवर आले होते. आज ते हजारोंनी जातात, आणि जेथून भाले निघत तेथूनच आता दुर्बिणी घेऊन लोक त्यांना पाहायला निघतात. ज्या राष्ट्रीय उद्यानाला बॉइडचे नाव होते, त्याचे नाव २०२२ साली बदलून बेओवा ठेवण्यात आले. थावा भाषेत हा ओर्काचा शब्द आहे. ज्यांच्या भाषेतला हा शब्द, त्या आदिवासींना देशाच्या जनगणनेत मोजण्याचा निर्णय मात्र १९६७च्या सार्वमतापर्यंत झाला नव्हता, हेही येथे विसरता कामा नये.

पण काही देणी अशी असतात, की ती फेडायला निघेपर्यंत घेणारा उरत नाही. २०२३ साली ओल्ड टॉमच्या अवशेषांतील आनुवंशिक द्रव्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला. आज हयात असलेल्या ज्या ओर्कांशी तुलना करता आली, त्यांत त्याचे जवळचे नातलग सापडले नाहीत. तो कुळकळपच बहुधा नाहीसा झाला असावा. संग्रहालय आहे, नाव आहे, आठवण आहे. वाटा घ्यायला यावे असे कोणी नाही. आठवण ठेवणे ही चांगली गोष्ट आहे; ती परतफेड नव्हे.

यावरून आम्ही जो निष्कर्ष काढतो तो साधा आहे. वचनाचे मोल ते कोणाला दिले यावर ठरत नाही, आणि ते वसूल करण्याची ताकद समोरच्यापाशी किती आहे, यावर तर मुळीच नाही. उलट समोरचा जितका दुबळा, तितके वचन जड. कारण ते सांभाळण्याचा सारा भार आपल्या एकट्यावर येतो. न्यायालय त्याच्या बाजूने उभे राहणार नाही, म्हणून आपल्याच मनाला त्याच्या बाजूने उभे राहावे लागते.

असे न बोलणारे शोधायला ईडनला जाण्याची गरज नाही. स्मृती हरवलेली आई, जिला आपण तिच्या शुद्धीत असताना काही कबूल केले होते. घरी राबणारी बाई, जिच्या पगारवाढीचे बोलणे तोंडी झाले होते. नुकतेच जन्मलेले मूल, ज्याच्या वतीने आपण मोठ्यांनी वचने उच्चारली. ज्या विहिरीने तीन पिढ्यांची बाग भिजवली ती विहीर. आणि जे अजून जन्मलेच नाहीत ते, ज्यांच्यासाठी पाणी आणि किनारा राखून ठेवायचा आहे. यांच्यापैकी एकापाशीही कागद नाही. यांच्यापैकी एकही दारात येऊन आपला वाटा मागणार नाही. दोर दातांत धरण्याइतकेही बळ यांच्यात नाही.

म्हणून आभाळ भरून आले, हाती लागलेले थोडे आहे असे वाटले, आणि या एका वेळेला चालून जाईल असे मन सांगू लागले, की वाचकहो, आधी त्यांचा वाटा बाजूला काढावा. उरेल ते आपले.